वसंतातली टर्की आणि आठ तासांचे घड्याळ: एका शिकारीनंतरच्या साफसफाईचे प्रकरण

मे 2024 मधल्या एका शनिवारी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या व्हर्नन काउंटीत एका परवानाधारक शिकाऱ्याने रानटी टर्कीचा पूर्ण वाढलेला नर मारला. शिकारी माझा मॅडिसनमधला शेजारी होता. त्याच्याबरोबर मी गेलो तो केवळ पाहुणा म्हणून. बंदूक माझ्याकडे नव्हती आणि परवानाही नव्हता. मात्र मी एका खाद्यप्रक्रिया उद्योगाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि मांसात खुपसायचा तापमापक माझ्या सामानात जवळजवळ नेहमीच असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या वेळा आणि तापमाने माझ्याकडे नोंदलेली आहेत. पक्षी पडल्यानंतर त्याचे पोट रानातच साफ करावे की तो तसाच पाठीवर टाकून दोन तासांच्या अंतरावरील घरी न्यावा, हा प्रश्न आमच्यापुढे होता. आम्ही बरोबर निर्णय घेतला, पण उशिरा घेतला, आणि तो अमलात आणताना एक चूक केली. ती चूक माझी होती.

प्रथम जागेविषयी. हिमयुगातल्या हिमनद्यांनी विस्कॉन्सिनचा बराचसा भाग रंध्याने रंधावा तसा सपाट केला, पण नैर्ऋत्येचा हा कोपरा त्यांच्या वाटेत आला नाही. त्यामुळे इथे उंच अरुंद कडे, त्यांच्यामधून उतरणाऱ्या खोल घळी आणि घळींच्या तळाशी गार पाण्याचे झरे आहेत. कड्यांवर मका आणि गवताची शेते, उतारांवर ओकची जंगले आणि खाली दुभत्या गायींचे गोठे, अशी ही रचना टर्कीला फार मानवते. तरीही एकेकाळी ती इथून पार नाहीशी झाली होती. राज्यातली शेवटची रानटी टर्की 1881 मध्ये दिसली. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. अखेर 1976 मध्ये मिसुरी राज्यातून पकडून आणलेल्या 29 अस्सल रानटी टर्की याच व्हर्नन काउंटीत सोडण्यात आल्या आणि त्यांच्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला रफ्ड ग्राउज नावाचे तितराच्या जातीचे रानपक्षी दिले. टर्कीची वसंतातली पहिली शिकार 1983 मध्ये खुली झाली. आज तिथल्या कड्यावर उभे राहिले की पहाटे तीन बाजूंनी नरांची आरोळी ऐकू येते, ती या साट्यालोट्याची कमाई आहे.

(भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या पिढीला शिकार ही गोष्ट फक्त ऐकून माहीत आहे. टर्कीशी आपली ओळख मात्र जुनी आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान याने 1612 मध्ये गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत एक टर्की होती, आणि दरबारातील चित्रकार मन्सूर याने तिचे चित्र काढले. वेंगुर्ल्याला आईला फोनवर मी हे सांगितले, तेव्हा तिला चित्रापेक्षा त्या पक्ष्याचे शेवटी काय केले, यातच रस होता.)

विस्कॉन्सिनमध्ये वसंतातील मोसम सात-सात दिवसांच्या सहा कालखंडांत विभागलेला असतो, आणि फक्त नर किंवा छातीवर ‘दाढी’ असलेला पक्षीच मारता येतो. ही दाढी म्हणजे छातीच्या मध्यावरून लोंबणारा, घोड्याच्या शेपटीसारखा राठ केसाळ झुपका. मारलेल्या पक्ष्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. आम्ही गेलो तो पाचवा कालखंड होता. एप्रिलच्या मध्यावर इथे सकाळी गवतावर दहिवर गोठलेले असते, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी घाम फुटतो. मोसम एकच असला तरी मांसाच्या दृष्टीने हे दोन वेगळे ऋतू आहेत, आणि पुढचे सगळे प्रकरण या फरकातून घडले.

नर 10 वाजून 40 मिनिटांनी पडला. शेजाऱ्याने सुमारे तीस पावलांवरून, नियमाप्रमाणे डोके आणि मान धरून बार टाकला. टर्कीवर छर्रे झाडतात ते मानेवरच, कारण तिथे मज्जारज्जूवर जाड मांसाचे आणि पिसांचे आवरण नसते, आणि छाती-पोट वाचले तरच मांस वाचते. पक्षी कोसळला, पण क्षणात उठला आणि उताराकडे धावू लागला. जखमी पक्षी घळीत गेला तर तडफडत मरेल आणि सापडणारही नाही, म्हणून शेजाऱ्याने दुसरा बार टाकला. तो मागून तिरका बसला. निर्णय योग्यच होता, परंतु त्याची किंमत डाव्या तंगडीला आणि पोटाला मोजावी लागली.

आम्ही जवळ गेलो. शेजाऱ्याने बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली आणि पंखांची फडफड थांबेपर्यंत पक्ष्याच्या मानेवर बूट ठेवला. नराच्या पायामागे टोकदार काटे असतात. याचे इंचापेक्षा लांब आणि किंचित वळलेले होते, म्हणजे पक्षी बहुधा तीन वर्षांचा किंवा त्याहून मोठा होता. काट्यावर वजनाचा साडेनऊ किलोचा आकडा आला. त्यानंतर आम्ही जे केले ते सगळेच करतात: पंख्यासारखी शेपटी पसरून फोटो काढले, दाढी मोजली, फोनवरून नोंदणी केली, जमिनीच्या मालकाला कळवले, सँडविच खाल्ले. या सोहळ्यात पंचेचाळीस मिनिटे गेली. 11 वाजून 25 मिनिटांनी मी छातीच्या जाड भागात तापमापक खुपसला तेव्हा काटा 40 अंश सेल्सिअसवर होता. जिवंत टर्कीच्या शरीराचे तापमान साधारण 41 अंश असते. पाऊण तासात एक अंश उतरला होता, आणि सावलीतही हवा 27 अंशांवर गेली होती.

इथे शेजाऱ्याची सवय आडवी आली. चाळीस वर्षे त्याने टर्की रानात कधी उघडलीच नव्हती. जाकिटाच्या पाठीमागच्या मोठ्या खिशात पक्षी टाकायचा, घरी गॅरेजमध्ये टांगायचा आणि निवांत सोलायचा, ही त्याची पद्धत. एप्रिलच्या थंडीत, फक्त मानेला छर्रे लागलेला पक्षी तासाभरात घरी पोहोचणार असेल, तर या पद्धतीला माझी काही हरकत नाही; उलट न फाडलेल्या पोटात माती आणि माशा जात नाहीत, हा तिचा फायदाच आहे. त्या दिवशी मात्र तीन गोष्टी वेगळ्या होत्या. ऊन होते. ट्रकपर्यंत दीड किलोमीटरची चढण आणि पुढे दोन तासांचा प्रवास होता. आणि मी पोटाखालची पिसे बाजूला केली तेव्हा कातडीवर तीन भोके दिसली आणि त्यांतल्या एकाच्या कडेला हिरवट ओल होती.

ती ओल निर्णायक होती. आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असतात आणि आतडे शाबूत असेपर्यंत ते तिथेच राहतात. छर्रा आतड्यातून गेला की त्यातला मळ पोटाच्या पोकळीत सांडतो, आणि चाळीस अंशांच्या त्या ओल्या पोकळीत जंतूंची वाढ वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. त्यातून दाट पिसे म्हणजे पक्ष्याने अंगावर घेतलेली रजई. ऊब बाहेर पडायला वाट नाही. मांस 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जितका कमी वेळ राहील तितके बरे, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा आहे. अमेरिकेतील कत्तलखान्यांत मोठ्या टर्कीचे मांस आठ तासांत 4 अंशांवर आणण्याची मर्यादा दीर्घकाळ पाळली गेली. ती मोजपट्टी लावली तर आमच्याकडे 6 वाजून 40 मिनिटांपर्यंतचा वेळ होता, आणि त्यातली पंचेचाळीस मिनिटे फोटो आणि सँडविच यांत गेली होती. शेजाऱ्याला मी हे सांगितले. त्याने भोकाजवळ नाक नेऊन वास घेतला आणि काही न बोलता सुरी काढली.

आम्ही दोघांनी पातळ रबरी हातमोजे घातले. बर्ड फ्लूच्या साथीमुळे 2022 पासून शिकाऱ्यांना ही सूचना वारंवार दिली जाते, आणि मार्च 2024 मध्ये टेक्सास व कॅन्ससमधील दुभत्या गायींत तोच विषाणू आढळल्यावर जमिनीचा मालक, जो स्वतः गवळी आहे, विशेष धास्तावलेला होता. पक्षी आजारी दिसत नव्हता. डोळे स्वच्छ होते, डोक्यावर देवीच्या फोडांसारख्या गाठी नव्हत्या. पक्षी उताण्या स्थितीत, डोके चढाच्या बाजूला ठेवून मांडला. छातीच्या हाडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची पिसे चिमटीने उपटून तीन बोटे रुंद पट्टा मोकळा केला, कारण पिसांवरून सुरी चालवली की पाते बोथट होते आणि कापलेली पिसे आत जातात.

पोटाला हात लावण्यापूर्वी मानेचे काम करावे, हा माझा आग्रह होता. छातीच्या वरच्या टोकाशी कातडीला चीर देऊन अन्ननलिका आणि श्वासनलिका बोटाने मोकळ्या करून कापल्या आणि अन्नाची पिशवी अलगद सोलून बाहेर काढली. हे आधी केले नाही, तर खालून ओढताना अन्ननलिका मध्येच तुटते आणि न पचलेला चारा छातीत राहतो. पिशवी मुठीएवढी टम्म होती. कुतूहलाने आम्ही ती कागदावर फोडली: क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची कोवळी पाने, मक्याचे काही दाणे, ओकच्या फळांचे तुकडे आणि नऊ तपकिरी भुंगेरे, त्यातला एक अजून पाय हलवत होता. शेजाऱ्याने कड्यावरच्या क्लोव्हरच्या शेताकडे मान वळवून पाहिले. पहाटेपासून आपण उगाच ओकच्या रानात बसलो, हे त्याला तेव्हा कळले असावे.

मग पोट. छातीच्या हाडाच्या टोकाखाली कातडी चिमटीत उचलून आडवी, दोन बोटे मावतील एवढीच चीर दिली. त्या चिरेतून दोन बोटे आत घालून आतडी खाली दाबली आणि पात्याची धार वर ठेवून, बोटांच्या मधून, गुदद्वारापर्यंत कापत नेले. धार खाली असती तर छर्ऱ्यांनी वाचवलेले उरलेले आतडेही आम्हीच फाडले असते. गुदद्वाराभोवती गोल कापून ते शेवटच्या आतड्यासह सुटे केले. मग शेजाऱ्याने मनगटापर्यंत हात घातला, बोटांची टोके पाठीच्या कण्याला लावून वरपर्यंत नेली, आतले पापुद्रे मोकळे केले आणि सगळा कोथळा एका ओढीत बाहेर काढला: पेटा, कलेजी, हृदय, आतडी. कण्याला लागून वसंतातल्या नराचे वृषण होते, पांढुरके, मोठ्या खारकेएवढे. फुप्फुसे बरगड्यांच्या खाचांत रुतलेली असतात, ती वेगळी नखलून काढावी लागली. वास होता, आणि डाव्या बाजूला आतड्याचा एक वेटोळा फाटलेला स्पष्ट दिसत होता.

कलेजी मी हातात घेऊन उन्हात पाहिली. टर्कीला ‘ब्लॅकहेड’ नावाचा परजीवीजन्य रोग होतो, त्यात कलेजीवर पिवळट गोल चट्टे पडतात, नेमबाजीच्या लक्ष्यासारखे, कडांनी उठलेले आणि मध्ये खोलगट. असे चट्टे नव्हते. कलेजी एकसारखी गडद तांबडी होती. पित्ताची पिशवी हिरवीगार, न फुटलेली होती. वेंगुर्ल्याला आजी कोंबडी साफ करताना याच पिशवीपाशी श्वास रोखायची, कारण ती फुटली की सगळी कलेजी कडू. तीच कलेजी-पेट्याची वाटणी इथे मीच केली: पित्त कलेजीच्या मांसासकट कापून टाकले, पेटा उघडून आतले खडे आणि खरखरीत अस्तर काढले. हे खडे साधे नव्हेत. त्यांच्या आधाराने पेट्याचा स्नायू हिकरीसारखी कठीण कवचाची फळेही भरडतो.

आता माझी चूक. पोकळीच्या डाव्या भिंतीवर हिरवट मळ लागला होता आणि दहा पावलांवर झरा खळाळत होता. पाणी इतके स्वच्छ दिसत होते की मी रिकामी बाटली भरून सरळ पोकळीत ओतली. प्रयोगशाळेत जे करताना दिसल्यास मी कनिष्ठ सहकाऱ्याची कानउघाडणी केली असती, ते मी रानात दोन वेळा केले. वरच्या कुरणात गायी चरत होत्या आणि ते पाणी त्यांच्या शेणावरून वाहत आले होते. शिवाय पाण्याने मळ निघाला नाही. डाव्या बाजूचा मळ पातळ होऊन उजवीकडे आणि मानेच्या भोकापर्यंत पसरला, आणि ओले मांस कोरड्या मांसापेक्षा लवकर बिघडते. शेजाऱ्याने माझा हात धरला. त्याच्या पाठपिशवीत कागदी टॉवेलचा गुंडाळा होता. त्याने एका दिशेने, प्रत्येक वेळी नवा कागद घेऊन पोकळी पुसली. मळ लागलेला पापुद्रा पुसून जाईना, तिथे सुरीच्या टोकाने तो कापून काढला. त्या कामाला दहा मिनिटे लागली आणि ती माझ्या दोन बाटल्यांनी वाढवलेली होती.

कोथळा दुहेरी पिशवीत बांधून आम्ही बरोबर घेतला. एरवी तो रानात टाकला असता तर कोल्हे आणि गिधाडे यांनी रात्रीपर्यंत संपवला असता, पण मालकाला गोठ्याच्या आसपास पक्ष्याचे काहीही नको होते, आणि त्याचे म्हणणे रास्त होते. पक्षी गडद केशरी पिशवीत घातला. हे मांसासाठी नव्हे, जिवासाठी: वसंतातल्या नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, आणि झुडपांतून असे डोके हलताना दिसले तर दुसरा कोणी शिकारी बार टाकू शकतो. पोट उघडे राहावे म्हणून शेजाऱ्याने एक वाळकी काडी बरगड्यांमध्ये आडवी बसवली. चढण संपवून 12 वाजून 20 मिनिटांनी आम्ही ट्रकपाशी पोहोचलो आणि बर्फाच्या दोन बंद पिशव्या पोकळीत सारून पक्षी कूलरमध्ये ठेवला. वाटेत शेजाऱ्याच्या पोटरीवर एक आणि माझ्या कॉलरखाली दोन गोचिडी सापडल्या; लाइम रोगाच्या मुलखात हेही काम साफसफाईतच धरावे.

दुपारी पावणेतीनला मॅडिसनमध्ये छातीचे तापमान 22 अंश होते. पोट न उघडता आणलेला पक्षी तेव्हा किती अंशांवर असता, हे मोजायला दुसरा पक्षी नव्हता, पण पिसांच्या रजईत पाऊण तासाला एक अंश ही सुरुवात मी पाहिली होती. मग घाई केली. भाजून खायची साबूत टर्की हवी असती, तर 60 ते 65 अंशांच्या पाण्यात बुडवून पिसे उपटली असती. छर्ऱ्यांनी चाळण झालेल्या कातडीसाठी तो खटाटोप व्यर्थ होता, म्हणून कातडी सोलली. छातीच्या वरच्या भागात पिवळसर, स्पंजासारखा चरबीचा थर निघाला. विणीच्या दिवसांत नराला धड खायला सवड नसते, तेव्हा तो या साठ्यावर जगतो. ही चरबी लवकर खवट होते. ती पूर्ण खरवडून टाकली.

डावी मांडी टाकावी लागली. बाहेरून ती इतकी वाईट दिसत नव्हती, पण उघडल्यावर हाडालगत रक्त साकळले होते, छर्ऱ्याबरोबर आत गेलेले पीस दोन ठिकाणी मांसात रुतले होते आणि त्याभोवती हिरवट छटा होती. शेजारी म्हणाला, कापून घेऊ, बाकी चांगले आहे. मी नको म्हणालो. जिथे आतड्यातला मळ स्नायूंच्या पदरांत शिरला आहे तिथे कापण्याची रेषा कुठे मारायची, हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही छात्या, उजवी तंगडी, डावी नळी (मांडीखालचा भाग) आणि पंख बर्फ-पाण्यातल्या बंद पिशव्यांत ठेवले, आणि सव्वासहाला सर्वांत जाड तुकडा 4 अंशांवर आला. आठ तासांतली पंचवीस मिनिटे शिल्लक होती.

छर्रे शिशाचे होते, सुमारे 3 मिलिमीटर व्यासाचे. शिसे लोहचुंबकाला लागत नाही, त्यामुळे प्रत्येक जखमेची वाट बोटाच्या टोकाने चाचपत जावे लागते. आम्हाला सहा छर्रे मिळाले. छर्ऱ्याच्या वाटेभोवतीचे बोटभर मांस आम्ही दोन्ही बाजूंनी काढून टाकले. मांस लगेच गोठवले नाही. ताठरपणा उतरण्याआधी गोठवलेले मांस चिवट होते, म्हणून दोन दिवस फ्रिजमध्ये झाकून ठेवले.

इथल्या पुष्कळ शिकाऱ्यांशी माझे एका बाबतीत पटत नाही. ते छातीचे दोन तुकडे काढतात आणि तंगड्या टाकून देतात. नळीत सुईसारख्या टणक झालेल्या कंडरा असतात आणि त्या भाजल्या की चघळवत नाहीत, हे कारण. पण पाय चांगले चार तास मंद आचेवर शिजवले की मांस कंडरांपासून आपोआप सुटते आणि त्या एकेक करून चिमट्याने काढता येतात. उजवी तंगडी आणि ती एकुलती नळी मी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवली. आधी 74 अंश गाठले आहेत याची खात्री केली आणि मग वेळ देत गेलो. शेजारी आणि त्याची पत्नी जेवायला आले. त्याने चाळीस वर्षांत टर्कीचा पाय खाल्ला नव्हता, असे तिने सांगितले. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि ताटाच्या कडेला अठरा कंडरा ओळीने मांडून ठेवल्या. सातवा छर्रा तेव्हा माझ्या दाताखाली आला.

पुढच्या वसंतात त्याने पहिलाच कालखंड निवडला. कूलर ट्रकमध्ये न ठेवता कड्यावरच्या फाटकापाशी ठेवला, आणि झऱ्याच्या बाजूला जाताना माझ्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली.